उलटी घुबडं

प्रिय मास्तर,

लगागा, लगागा, लगागा, लगागा. डेस्कच्या झाकणावर तुझ्या बोटांची पेरं वाजायची, तो आवाज कानात घेऊनच आज उठलो. गुरुजी फळ्याकडे वळले की तू भुजंगप्रयात वाजवायचास आणि मी त्यावर हाताला लागेल ती ओळ चढवायचो. एकदा तर आईनं दिलेली सामानाची यादी चढवली होती, आणि गूळ-शेंगदाण्यापर्यंत पोचायच्या आत दोघंही अंगठे धरून उभे! बेचाळीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज सुरुवात ही अशी. हसू नकोस. किंवा हस, तुझं हसणं ऐकूनही तेवढीच वर्षं झाली.

झालं असं, की परवा नातीनं तिच्या लॅपटॉपवर आपला सिनेमा लावला. आपलाच म्हणायचा. तू शाळेत इतिहास शिकवता शिकवता त्या ग्रीक युद्धाचा सल्लागार झालास, आणि स्टुडिओच्या सुतारखात्यात दोनशे ढाली केल्या मी. पहिल्याच दृश्यात ते उघड्या छातीचे वीर डोंगरावरून धावत आले आणि मला तुझा चेहरा आठवला. दिग्दर्शकाला तू म्हणाला होतास, ‘अहो, छाती उघडी टाकून भाल्यांपुढे कोण जाईल? निदान सर्दीचा तरी विचार करा!’ चिलखतं मिळाली नाहीत ती नाहीतच. ग्रीक सैनिक पाव्याच्या सुरावर पावलं जुळवून चालायचे, हेही तू सांगितलंस. त्यांना हवे होते ढोल. मग तू त्या दोनशे जणांना लगागावर चालायला शिकवलंस. हमाल, शिंपी, कॉलेजातली पोरं, सगळे एका छंदात! मी रंधा खाली ठेवून बघत बसलो होतो.

आणि ढालीबद्दल तू जे सांगितलंस ते मी जन्मात विसरलो नाही. मध्ये कातडी पट्टा, त्यातून कोपरापर्यंत हात घालायचा, आणि काठावरची मूठ धरायची. म्हणजे ढाल निम्मी आपल्यापुढे आणि निम्मी डावीकडे बाहेर राहते. ती निम्मी शेजाऱ्याची. आपली उजवी बाजू उजवीकडचा सांभाळतो. म्हणून ते रांग मोडून एकेकटे नाचत लढत नसत, असं तू कळवळून सांगायचास, आणि दिग्दर्शक घड्याळ बघायचे.

नात मध्येच सिनेमा थांबवून म्हणाली, ‘आजोबा, हे सगळेच्या सगळे डावरे कसे हो? ढाली उजव्या हातात, भाले डाव्यात! सल्लागार झोपले होते का?’ मास्तर, मी इतका हसलो, इतका हसलो, की तिनं पाणी आणलं. आणि मग माझ्या लक्षात आलं, की डोळ्यांतून येतंय ते नुसतं हसण्याचं नाही.

कारण झोपला नव्हतास तू. तू दहावीच्या परीक्षेवर होतास त्या सकाळी. डावरा होतो मी. ढाल तयार झाली की आपल्याच हातावर चढवून बघायची, ही माझी सवय. कामाचा हात मोकळा राहावा म्हणून मी ती उजव्या हातात घातली, आरशात बघितलं, आणि ढालीवर रंगवायचं ते ग्रीकांचं घुबड सरळ दिसेल असा साचा कापला. दोनशे ढाली त्या साच्यानं रंगवल्या. शूटिंगच्या सकाळी सैन्यानं त्या डाव्या हातात घातल्या, मुठी दुसऱ्या बाजूला फिरल्या, आणि दोनशे घुबडं वटवाघळांसारखी खाली डोकं वर पाय! दिग्दर्शकांनी कपाळाला हात लावला. पुन्हा रंगवायला वेळ नव्हता. ‘ढाली उजव्या हातात घ्या, चला!’ दुपारी तू आलास तेव्हा निम्मं युद्ध डाव्या हातानं लढून झालं होतं. तू विचारलंस, हे कुणी केलं? कुणीतरी म्हणालं, सल्लागारांच्याच चित्रावरून केलंय. आणि मी सरसाच्या भांड्यात तोंड घालून मूग गिळून बसलो.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मास्तरांना उजवं-डावं कळतं का, असं छापून आलं. वर्गातली पोरं तुला डाव्या हातानं सलाम ठोकायला लागली. तू बदली मागून घेतलीस, आणि मी निरोप द्यायलासुद्धा आलो नाही. मोजताना एक ढाल कमी भरली होती, तिचा शोध मात्र मी आठवडाभर घेत होतो. केवढा कामसू!

आता हे का लिहितोय ते सांगतो. येत्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात तो सिनेमा पुन्हा दाखवताहेत. गावभर माझ्या नावानिशी पत्रकं लागली आहेत, आणि सुरुवातीला मी चार शब्द बोलायचे आहेत. मी घुबडांचं सगळं सांगणार आहे, उभं राहून, सगळ्यांसमोर. पण ते आधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. तुला यायला जमलं तर माझ्या उजवीकडे बस. माझी ती बाजू फार वर्षं उघडी आहे. नाही जमलं तरी

थांब हं. दार वाजतंय. बेल असताना कोणी दार ठोठावतं का? आणि हे ठोठावणं तरी

मास्तर, लगागा वाजतंय!

नातीनं दार उघडलंय. इथून मला पांढरे केस दिसतात, काठी दिसते, आणि डाव्या हातात चढवलेली एक जुनी ढाल. घुबड खाली डोकं वर पाय. नात विचारतेय, ‘आजोबा, हे म्हणतात एक ढाल परत करायचीय, पण आधी डावऱ्याला बाहेर बोलाव. कोण हो?’

हे पत्र आता तुझ्या हातातच देतो.

तुझाच,
डावरा