अंतरपाटाचा फोटो

झरी, १४ जून १९८६

प्रिय मुंजाजी,

आठ वर्षांनी पत्र लिहायले म्हणून दचकू नको. जिंतूरला फोटोचं दुकान टाकलंस, चांगल्या घरची बायको केलीस, सगळं ऐकलंय. बरं केलंस. मी पोरीला घेऊन भावाच्या घरी, मागच्या खोलीत. वहिनी तोंडानं काही म्हणत न्हाई, भाकर तेवढी तव्यावर आपटती. पुढच्या दारी बसावं तर येणारा-जाणारा इचारतो, सासरी बोरीला कधी जाणार? काय सांगू, कपाळ?

व्यंकटीनं दुसरी आणली. म्हणून मी परभणीच्या कोर्टात गेले, तर हा बाबा उभा राहून सांगतो, हिचं-माझं लग्नच झालं न्हाई. लग्न त्याच्या दारात. भटजी वारले, वऱ्हाडी सारे त्याचे भाऊबंद, त्यांच्या तोंडाला कुलूप. माझ्या भावाची साक्ष घरची म्हणून हलकी. वकील म्हणतो, एखादा फोटो आणा.

मला हसूच आलं. फोटो काढायला तूच तर होतास. एस.टी. चुकली म्हणून घामाघूम होऊन आलास, अन् पहिलाच फोटो अंतरपाटाचा घेतलास. आहेराच्या वक्ताला कॅमेऱ्याचं झाकण उघडलंस आणि रोल जळाला म्हणून हात वर केलेस. मांडवपरतणीला आले तेव्हा विहिरीपाशी खरं सांगितलंस, मुद्दाम उघडलं म्हणून. त्याच्या शेजारी मी तुला बघवत नव्हते. रागवायचं सोडून मी लय सुखानं रडले. आपलं दोघांचं तेवढंच.

नामांतराच्या बंदमुळं कोर्टाची तारीख पुढं गेली, त्या दिवसांत एका जुन्या फोटोवाल्याला इचारलं. तो म्हणाला, झाकण उघडलं तर वरचे वेढे जळतात, आधी काढलेले फोटो आत गुंडाळलेले असतात, त्यातला एखादा धुतल्यावर निघतो. तू रोल फेकला नसशील. शाळेतली माझी फुटकी पाटी जपणारा माणूस तू.

तो धुवून बघ, मुंजाजी. फोटो निघाला तर साक्षीलाही तुलाच यावं लागल, अन् आठ वर्षं का दडवला हे भर कोर्टात इचारतील. तुझ्या घरात इस्तू पडल, माझ्याही नावाला बट्टा लागल. या भीतीनं दोन महिने कागद हातात धरून बसले. पण मास्तर पोरीला बापाचं नाव इचारतो, अन् ती घरी येऊन माझ्याकडं बघती. ज्या लग्नाचा एकही फोटो राहू नये असं आपल्या दोघांना वाटलं, त्यातला एक मला दे.

तुझी कधीच न झालेली,
मनकर्णा