निम्मं झालेलं काम

३ जून
मीटिंगमध्ये डोकं फिरलं. सैन्याच्या रुग्णवाहिकांचे घडीचे स्ट्रेचर. काम पुण्याच्या कंपनीचं, त्यातले सांगाडे आमच्या बीडच्या शेडमध्ये. दर महिन्याला किती काम झालं ते पुण्याला कळवायचं, माझ्या सहीनं. नियम असा: छोटं काम सुरू झालं की निम्मं धरा, संपलं की पूर्ण. छोटं म्हणजे महिन्याच्या आत उरकणारं.

मालक बापूसाहेब म्हणाले, "छोटं-मोठं कोण ठरवणार? सगळ्याच सांगाड्यांचे पाइप कापून टाका. सगळं काम सुरू. म्हणजे निम्मी ऑर्डर झाली."

म्हणलं, सगळी ऑर्डर महिन्यात उरकणार न्हाई, अजून एकही सांगाडा उभा न्हाई.

"वैशाली, तू नियम वाचतीस. आमी अर्थ लावतो."

सगळे हसले. हसा.

५ जून
दिवसभर कटर. वेल्डिंगवालेही कापायला लावलेत. फोरमन शेखमामूंना विचारलं, कावून कापताय एवढे?

"मालक बोलले. पोरी, तुझ्या सहीवर बिल अडलं तर ही माणसं घरी बसतील."

मामूंवर चिडता येत नाही. त्याचाच जास्त राग.

९ जून
सही केली नाही. अहवाल बापूसाहेबांच्या पुतण्याच्या सहीनं गेला. निम्मं काम पूर्ण म्हणे. पुण्याच्या साहेबांना फोन केला, तर "मॅडम, आम्हालाही वर काहीतरी दाखवावं लागतं."

सगळे एकाच माळेचे मणी. मग सरळ सैन्याच्या तपासणी अधिकाऱ्यांना मेल. नियम, शेडचे फोटो, खाली माझं नाव.

१७ जून
नवीन ड्रॉइंग आलं. सांगाड्याची लांबी वाढली. कापलेले सगळे पाइप आखूड. लागतील तसे कापले असते तर थोडक्यात भागलं असतं.

बापूसाहेब ढिगाजवळ उभे. वाटलं, आता तरी.

"तुकडे जोडून घ्या. वरून रंग बसला की कोण बघतंय."

म्हणलं, जोड निसटला तर? वर जखमी माणूस असणार.

"तू अहवाल बघ."

मामू तुकडे उचलायला लागले. लई संताप आला. मामू एक शब्द बोलले असते तर...

१९ जून
मेलला उत्तर. अधिकारी उद्या शेडवर येणार. दुपारी बापूसाहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं.

"उद्या सुट्टी घे. नेकनूरहून कशाला येतीस उन्हाचं."

"आणि परवा?"

"परवाचं परवा."

घरी आई म्हणते, "घे की सुट्टी. बापूसाहेबांनीच लावलं ना तुला कामाला." लावलं. म्हणून काय मी गप्प बसू?

संध्याकाळी मामूंचा फोन. "येतीस का उद्या?"

म्हणलं, येते. अधिकाऱ्यांनी जोडाचं विचारलं तर तुमी काय सांगणार, मामू?

मागं वेल्डिंगचा चर्र आवाज. तुकडे जोडणं चालूच. मामूंनी फोन ठेवला नाही. शेवटी मीच ठेवला.

सकाळी पहिल्या एसटीनं निघते.