पॉलिमरचं विरजण

३ जून
आज जळगावच्या एमआयडीसीत रुजू झालो. बारावी नापास, तरी प्रयोगशाळा मिळाली. इथे पाणी निवळायचं पॉलिमर बनतं. त्याचा विद्युतभार धन, गढूळ पाण्यातल्या मातीचा ऋण. कण त्याला चिकटतात, गोळे होऊन तळाशी बसतात. मी सहा बीकरमध्ये गिरणा नदीचं पाणी घ्यायचं, मोजून डोस टाकायचा, ढवळायचं, बघायचं. ऑपरेटर भटूभाऊ म्हणाला, आठे बठ्ठं चिकट शे, पगार सोडीसन. म्हणजे पगार सोडून इथे सगळं चिकट. पॉलिमर बनवणाऱ्या रतिलालनानांनी मला त्यांच्या डब्यातली भाकरी दिली. छान माणसं आहेत.

५ जून
नाना प्रत्येक घाण्यात बरणीतलं वाटीभर जुनं, गुलाबी जेल घालतात. दह्याला विरजण, तसं, म्हणाले. पॉलिमरला विरजण लागत नाही. शिवाय बरणीत केस दिसले. मी ती गटारात ओतली आणि घासून ठेवली.

६ जून
नवा घाणा. सहाही बीकर गढूळ. चाचणी पुन्हा केली. गढूळच. नानांना सगळं खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. विरजण परत लावावं लागेल, एवढंच म्हणाले. भटूभाऊ पांढरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाला, तुझ्या आधी प्रेमराज होता, तो टाकीत गेला आणि मग ती बरणी भरली. आजच घरी, शिंदखेड्याला निघ.

७ जून
निघालो नाही. पहिलीच नोकरी, घरी काय सांगू?
नानांनी टाकीवर कोंबडा कापला, रक्त आत सोडलं. चाचणी गढूळ. खोटं तर सांगत नाहीस ना, असं त्यांनी विचारलं. मी चाचणीत खोटं सांगत नाही.

८ जून
आज सुट्टी. नानांनी फक्त आम्हा दोघांना बोलावलं. फाटकाला आतून कुलूप.
भटूभाऊ टाकीत वाकला होता. नानांनी मान धरली, आत दाबली, ढवळायची मोटर सुरू केली. हाडं मोडताना ऐकू आली. आधी हात, मग— पाय बराच वेळ झाडत होता. नानांनी पाय उचलून आत ढकलले.
मला नमुना दिला.

प्रयोगशाळेत आहे. कडी लावली. डोस टाकला.
गोळे धरत नाहीत. गढूळ. सहाही—
नाना बाहेरून विचारतात, निवळनं का भो? मी हो म्हणालो. खोटं—
दाराच्या काचेतून बीकरकडे बघतायत.
भटूचं विरजण लागलं नाही, म्हणतात. प्रेमराज चाचणीवाला होता. चाचणीवालाच लागत असेल—
काच फोडली. हात आत. कडी—