तांबीच्या दिवशी तू गप्प राहिलीस

प्रिय शोभा,

दुकानाच्या पाटीपलीकडे मी काय लिहिलंय कधी? पण आज आपल्या रेखाने तुझं नाव घेतलं आणि मला राहवलं नाही.

तांबी बसवायला गेली होती ती. दुसऱ्या बाळंतपणात जिवावर बेतलं होतं, तिसरं नकोच असं डॉक्टरांनी बजावलंय. पण कळ सोसेना, म्हणून अर्ध्यातच उठून आली. मी तेलघाण्यावरून जेवायला आलो, तर स्वयंपाकघरातून फोनवर नवऱ्याला सांगत होती, "माह्या आईले काई झालं नव्हतं. मीच नाजूक. आता नाई जात मी."

काऊन सांगितलंस गं असं सगळ्यांना? गल्लीतली कोणतीही सून तांबीला निघाली की आधी तुझ्याकडे यायची. तू कुंकू लावायचीस, चहा पाजायचीस अन् म्हणायचीस, "काई नाई बाई, मुंगी चावल्यावाणी." किती जणी त्या मुंगीच्या भरवशावर गेल्या असतील! ज्यांना सोसलं नाही, त्यांनी कुणाला सांगायचं?

तुझ्या तांबीच्या वेळी दवाखान्यात मी पडद्याबाहेरच होतो शोभा, तान्ह्या रेखाला मांडीवर घेऊन. घाण्याचं बेअरिंग आवाजावरून ओळखणारा माणूस मी! लोखंडी खाट करकरली. तुझा श्वास अडकला. मग सिस्टर म्हणाली, "लेकरू झालं तवा नाई रडली, अन् एवढ्याशा तांबीले रडतं का वं?" तू पांढरीफटक होऊन बाहेर आलीस. विचारलं, तर हसलीस. एस.टी.त खिडकीला टेकलेलं डोकं गाव येईपर्यंत उचललं नाहीस.

आज रेखासमोर बसलो. बापाने लेकीशी हे बोलायचं! कान तापले माझे.

"तुह्या आईले दुखलं होतं. लई दुखलं होतं. म्या ऐकलं."

"मंग तिनं सांगितलं काऊन नाई?"

तू होतीस तोवर तुलाच हे विचारायचं राहून गेलं.

बराच वेळ रडली. मग म्हणाली, "बाबा, दुसऱ्या डॉक्टरले तुमीच फोन लावा."

खामगावच्या एका डॉक्टरीणबाईंना लावला. म्हणाल्या, "आधी गोळी देऊ, पिशवीच्या तोंडाशी सुन्न करायचं औषध देऊ. तरी थोडी कळ येईल. ती थांबा म्हणाली, की मी थांबेन." इतकं साधं होतं गं! तुझ्या वेळी तुला कुणी विचारलंच नाही, आणि असं काही मागता येतं हे तुला तरी कुठे ठाऊक होतं?

शब्द देतो. सोमवारी बोलावलंय त्यांनी, मी दवाखान्यात बाहेर बसेन. रेखा ओरडली तर ओरडू देईन. चूप म्हणणाऱ्याची गाठ माझ्याशी. आणि तिला नकोच वाटलं, तर तिथूनच परत आणीन. मग उपाय जावयाने करायचा. पुरुषांचंही ऑपरेशन असतं. हाताला धरून मी नेईन त्याला.

तुझा,
रेखाचा बाबा