आत्याच्या वाटणीचे हेडफोन

वावाउ,
४ मार्च १९९६

चि. मेलेआने हिस,
आत्याचे अ. उ. आ. इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे ठीक नाही.

तुझ्या बापाचा डावा कान गेला. उजवा जायच्या वाटेवर आहे. बोटीवरून डॉक्टर आले होते. त्यांनी कानात दिवा घालून पाहिलं आणि सांगितलं की नाताळपर्यंत जे ऐकायचं ते ऐकून घ्या. हे मला त्याने सांगितलं नाही, सांगेल कसा? आम्ही बहीण-भाऊ मोठे झाल्यापासून, आपल्या रीतीप्रमाणे, एका खोलीत बसलेलो नाही. पाद्रीबाईंकडून कळलं. चाळीस वर्षं चर्चच्या गाणाऱ्यांपुढे हात हलवणारा माणूस तो. गेल्या रविवारी गाणं संपलं तरी त्याचा हात चालूच होता, आणि कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

तुझी आई गायली होती ती संमेलनाची टेप तुला ठाऊक आहे. त्या चाळीस गळ्यांत कालेसिताचा आवाज त्याला एकदा नीट ऐकायचा आहे. ती नेहमी सगळ्यांच्या जरा आधी सूर लावायची आणि घरी आल्यावर हा तिला त्यावरून बोलायचा. ती जाईपर्यंत बोलला. आता म्हणे तेवढंच ऐकायचंय. त्याच्या टेपरेकॉर्डरमधून नुसती खरखर येते. पाद्रीबाई म्हणतात, कानाला लावायचे हेडफोन हवेत आणि चांगले हवेत.

तर तेवढे बघ. उधळपट्टी नको, लाँड्रीत तुला काय मिळतं ते मला माहीत आहे. आणि खोका आधी माझ्या पुढ्यात उघडेल हे तुला सांगायला नको. मी तुमच्या घराची फाहू, बापाची थोरली बहीण, म्हणून येईल त्यावर पहिला हात माझा. मला रिकाम्या हाताने उठवू नकोस, नाहीतर गाव म्हणेल बहीण-भावाचं बिनसलं.

वेळेवर जेवत जा. आठवण धरून असावे, ही इच्छा.
तुझी आत्या,
लोसालिने


सिडनी,
१४ एप्रिल १९९६

तीर्थरूप बाबांस,
मेलेआनेचा शि. सा. नमस्कार. हेडफोन मिळाले. कसे मिळाले ते सांगते, तेवढीच तुमची करमणूक.

मी काम करते त्या वृद्धाश्रमात हारग्रेव नावाचे एक आजोबा आहेत. पूर्वी रेडिओवर आवाज मुद्रित करायचं काम करत. त्यांच्या चादरींना मी इस्त्री करते आणि ते मला अक्कल शिकवतात. त्यांनी बजावलं की खोक्यावर काय छापलंय ते वाचूच नकोस, तुला पाठ असलेलं गाणं घेऊन दुकानात जा. दुकानदार ढोल दणदणवून दाखवेल, त्याला भुलू नकोस, गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो का तेवढं बघ. गादी अशी हवी की आख्खा कान आत गेला पाहिजे. वायर काढून दुसरी लावता आली पाहिजे, कारण आधी वायरच मरते. आणि टेपची एक बाजू पुरी संपेपर्यंत डोक्यावरून काढू नकोस, पाच मिनिटं सगळेच हलके वाटतात.

मग काय, तीन शनिवार मी आपली टेपची प्रत पर्समध्ये घालून हिंडले. पाच दुकानं झाली. एकाने विचारलं की बाई, घ्यायला आलात की प्रार्थनेला. कुठे नुसता गडगडाट, कुठे सगळे नाकातून गायल्यासारखे. सहावं जुन्या सामानाचं दुकान. तिथे एका बंद पडलेल्या रेडिओ केंद्रातले काळे हेडफोन होते, ओरखडलेले, वरच्या पट्टीला चिकटपट्टी गुंडाळलेली. मी लावले. तिसऱ्या कडव्याच्या आधी आईने श्वास घेतला. बाबा, मी दुकानात खाली बसले. आणि मग ती आली, सगळ्यांच्या आधी.

आता घरातली गोष्ट. आत्याच्या हक्काला मी नाही म्हणत नाही. पण तुमच्यासाठी पाठवलेलं शिवणयंत्र गेलं, रेडिओ गेला, लोकरीचं ब्लँकेट गेलं. म्हणून बोटीने पाठवलेल्या खोक्यात आणखी एक जोडी टाकली आहे. लालभडक, चंदेरी रेघांची, नवी कोरी आणि स्वस्त. दिसायला नवरीमुलगी, आत निव्वळ ढोल. कुणावरच नाव लिहिलेलं नाही, कारण नाव लिहिणं म्हणजे आत्याच्या हातावर फटका मारणं. पण लाल सोडून तिचा हात दुसरीकडे गेला तर मी माझं नाव बदलेन. काळे तुमचे. हे पत्र वाचून चुलीत घाला.

माया आहे, ती अशीच असू द्या.
तुमची मेलेआने


वावाउ,
२० मे १९९६

चि. मेलेआने हिस,
आत्याचे आशीर्वाद, आणि आज जरा जास्तच.

खोका बोटीने आला. रीतीप्रमाणे तुमच्या ओट्यावर सगळ्यांसमोर उघडला. तुझा बाप मागे, खांबाला टेकून. लाल हेडफोन पाहिले आणि माझा हात शिवशिवला, खोटं कशाला बोलू. काय ती झळाळी! पण मग मनात आलं, अगं बाई, जन्मभर घेतच तर आलीस. डुकराचा पहिला वाटा तुझा, चांगली चटई तुझी, पोरीने बापाला पाठवलेलं ब्लँकेटही तुझं. त्याने एकदा तोंड वाकडं केलं नाही. आता त्याचे कान चाललेत, एकदा तरी चांगलं ते त्याच्याकडे राहू दे.

तेव्हा मी ते काळं उचललं. सगळे बघतच राहिले. पाद्रीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्यासाठी असलं चिकटपट्टीचं म्हातारं शोधून काढलंस, त्यावर नंतर बोलेन. पण राग नाही.

रोज दुपारी तो ओट्यावर बसून लाल हेडफोन लावतो आणि हात हलवतो, अगदी पूर्वीसारखा. मी माझ्या दारातून बघते. कधी कधी डोळे पुसतो. मेलेआने, आजवर भावाचं घेतलं त्यात मला एवढं सुख कधी लागलं नाही. माझे काळे पेटीत चटयांखाली ठेवलेत. माझ्या रेडिओला त्यांच्या वायरीची दांडी खुपसायला भोकच नाही, मग करू काय त्यांचं.

तू शहाणी मुलगी आहेस. लोभात उणं येऊ नये.
तुझी आत्या,
लोसालिने


वावाउ,
२३ मे १९९६

चि. मेलेआने,
आशीर्वाद. ताईंनी तुला लिहिलंच असेल.

त्यांनी काळे उचलले तेव्हा मी गप्प राहिलो. हसलोसुद्धा. उचलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही लहान होतो, खाडीवर शिंपले वेचायचो, त्यानंतर त्यांनी सरळ माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. पन्नास वर्षं झाली असतील.

लाल हेडफोनांत तू म्हणालीस तेच आहे. गडगडाट आहे, तुझी आई नाही. पण ताई दारात उभ्या असतात म्हणून लावून बसतो आणि हात हलवतो.

त्यांना काही सांगायचं नाही, ही माझी आज्ञा समज. बहिणीने घेतलेलं परत मागितल्याचं आपल्या कुळात कोणी ऐकलेलं नाही. आणि मागता आलं असतं तरी मागितलं नसतं. त्यांनी आयुष्यात एकदा स्वतःच्या हाताने मला चांगलं दिलं. ते वाईट निघालं हे त्यांना कळलं तर त्या पुन्हा माझ्याकडे पाहणार नाहीत. दुसरे हेडफोनही पाठवू नकोस. खोका त्यांच्याच हातून येणार, आणि पहिल्यांचं काय झालं हे त्या विचारणार.

कालेसिताचा आवाज मला पाठ आहे. असं लिहिलं खरं, पण ती कुठल्या शब्दावर आधी यायची ते आता नीट आठवत नाही. त्याची मला भीती वाटते.

अंगावर गरम घालत जा. तिकडे आता थंडी.
तुझा बाप,
सामिसोनी


सिडनी,
९ ऑगस्ट १९९६

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार. हे पत्र बसून वाच. वाचून मला शिव्या दे, पण आधी पेटी उघड.

तुझ्या पेटीत चटयांखाली आहेत तेच चांगले हेडफोन आहेत. ते बाबांचे. लाल मी तुझ्यासाठी पाठवले होते, तू ते उचलशील आणि काळ्यांकडे ढुंकूनही बघणार नाहीस म्हणून. मी तुला हावरट समजले. तू तशी निघाली नाहीस आणि माझा डाव बाबांवर उलटला. बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. लाल हेडफोनांत त्यांना आई ऐकू येत नाही. तू बघतेस म्हणून ते हात हलवतात.

तुला सांगू नकोस अशी त्यांची आज्ञा होती. मी दोन महिने पाळली. पाळली म्हणजे काय, मलाही ती सोयीचीच होती, तुझ्यापुढे तोंड दाखवायला नको. पोस्टातल्या फोनवर बोलावून सांगता आलं असतं, पण तुझा आवाज ऐकायची हिंमत झाली नाही. चांगले हेडफोन कसे पारखायचे, गाणाऱ्याचा श्वास कसा ऐकायचा ते मला शिकवणारे आश्रमातले हारग्रेव आजोबा काल वारले. गेल्या आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, वडिलांना श्वास ऐकू आला का. मी हो म्हणाले. ते इतके खूश झाले की दिवसभर येईल त्याला सांगत होते. आज त्यांच्या चादरी धुवायला आल्या तेव्हा मला राहवलं नाही.

आत्या, नाताळ अजून दूर आहे. हे पत्र हाती पडताच काळे बाबांकडे ने. तुझे पाय धरते.

लोभ कर असं कुठल्या तोंडाने म्हणू?
मेलेआने


वावाउ,
८ सप्टेंबर १९९६

चि. मेलेआने,
तुझं पत्र एकोणतीस ऑगस्टला आलं. त्याचा उजवा कान सतराला गेला. तीन दिवस तापाने फणफणला होता, चौथ्या दिवशी सकाळी उठून पाद्रीबाईंना विचारायला लागला की आज चर्चची घंटा का नाही झाली. घंटा झाली होती.

बारा दिवस, पोरी. बारा दिवस आधी पत्र यायला हवं होतं. ते काळं पाच पावलांवर माझ्या पेटीत पडलेलं, आणि मी दारात उभी राहून स्वतःच्याच थोरपणावर खूश होत होते. तुझ्यावर मी खूप रागावले. मग वाटलं, तुला हा डाव का खेळावा लागला? ब्लँकेट मी घेतलं त्या सुट्टीत परत जाताना तू विमानतळावर कशी रडली होतीस ते आठवलं. त्या थंडीत मी त्याच ब्लँकेटात झोपले होते. आता माझी झोपच गेली आहे.

पुढे कधी खोका पाठवलास तर त्यावर बापाचं नाव लिही, मोठ्या अक्षरांत. माझा हात मी मागे ठेवीन. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

काळे घेऊन मी अंगण ओलांडलं आणि त्याच्या खोलीत शिरले. तो धडपडत उठला, घाबरलाच. बहीण भावाच्या खोलीत म्हणजे घरात कोणी मेलं असणार असं त्याला वाटलं. मी तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं आणि घडी घातली. मग तुझी आई चर्चला जाताना कमरेला गुंडाळायची त्या चटईत ठेवलेली टेप काढली, यंत्रात घातली, वायरीची दांडी बसवली. काळे डोक्यावर चढवले. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. काही नाही. काढले, आणि माझ्याकडे दिले. म्हणाला, तुम्हीच ऐका ताई, तुमच्याच वाटणीचे आहेत. टोचून नव्हता बोलला, पण मी हुंदके देऊन रडले.

आणि मग लावले. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, चर्चमध्ये मी नुसते ओठ हलवते हे गावाला माहीत आहे. पण तुझे ते आजोबा खरं सांगत होते गं. गाणारी माणसं कानात एकेक वेगळी उभी राहिली. तिसऱ्या कडव्याच्या आधी कालेसिताने श्वास घेतला, माझ्या कानाशी. मी काय करते आहे ते मला कळलंच नाही, मी त्याचं मनगट धरलं. जन्मात पहिल्यांदा. ती आली तिथे मी बोट दाबलं आणि बाकीचे आले तिथे पुन्हा दाबलं.

बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही. अर्ध्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तो म्हणाला, आली बघा आधी, नेहमीसारखी. मग तिला बोलायला लागला, तसाच, पूर्वी ओट्यावर बोलायचा तसा. जरा थांबायचं कालेसिता, जरा माझ्या हाताकडे बघायचं.

आता मी रोज दुपारी जाते. तो मनगट पुढे करून बसलेला असतो.

टेप झिजत चालली आहे. तुझ्याकडची जपून ठेव. राग धर, पण येणं सोडू नकोस.
तुझी आत्या,
लोसालिने