मैदानावरचं गवत

३ एप्रिल

चि. धाकल्यास,
अ. उ. आ.

इथे इमारतीत घरोघरी टोमॅटोचे शेंडे मुरडलेत, पानं आवळलेल्या मुठीसारखी. सगळ्यांनी कुंड्यांत ओला कचरा कुजवायच्या आपल्या सामाईक ढिगाचं खत घातलं होतं आणि ते वाटलं मीच. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई ढिगात चिंध्या टाकतात, त्यांच्या रंगानेच घात केला, असं वरच्या मजल्यावरचे घड्याळवाले छातीठोकपणे सांगत सुटलेत. महिनाअखेरीला बैठक आहे. बाईंना ढिगावर बंदी घालायची म्हणतात. बाई एकट्या राहतात रे. संध्याकाळी ढीग उलटायला आम्ही चौघीजणी जमतो, तेवढंच त्यांचं बोलणं होतं.

ढिगात बाहेरचं म्हणशील तर तू कापतोस त्या मैदानावरचं गवत तेवढं आहे. त्यावर काही फवारलं नव्हतं ना? खरं सांग.

लोभ असू दे आणि उत्तर लगेच धाड.
तुझी ताई

६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टोमॅटो रुसले की भावाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं, ही कुठली रीत? मी फवाऱ्याला हातसुद्धा लावत नाही, माझं काम यंत्र ढकलायचं. गवत इतकं हिरवंगार आहे की लोळावंसं वाटतं. यंदा तण औषधालाही सापडायचं नाही, मैदानाचे साहेब खूश आहेत. उलट कापलेलं गवत त्यांनी खड्ड्यात पुरायला सांगितलं होतं, मी वाचवून तुझ्याकडे आणलं. साधं देठ फेकलं तरी तू अंगावर येतेस, म्हणून तर ही अक्कल आली!

शिंपीणबाईंचं तुमचं तुम्ही बघा. राग मानू नकोस, लोभ आटू देऊ नकोस.
तुझा धाकला

९ एप्रिल

चि. धाकल्यास,
अ. उ. आ.

तण एकही नाही आणि गवत टवटवीत, हे आपोआप होत नाही. गवताला सोडून रुंद पानं तेवढी मारणारी औषधं असतात, आणि टोमॅटोचं पान रुंदच. चांगलं गवत पुरायला का सांगितलं, हे तू विचारलंस का? आता तरी विचार. मी दोन कुंड्यांत घेवडा पेरलाय, एकीत आपलं खत, दुसरीत नुसती माती. जीव टांगणीला लागलाय.

काल नळावर घड्याळवाल्यांच्या बायकोने शिंपीणबाईंना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बादली भरत राहिले. गवताचा संशय मनात असून गप्प बसले, कारण तू माझा भाऊ. मला माझीच लाज वाटते.

ताई

२१ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साहेबांना विचारायला धीर होत नव्हता, शेवटी कोठीतला औषधाचा डबाच वाचला. हंगामाच्या सुरुवातीला कंत्राटदाराची माणसं पाठीवर टाक्या घेऊन आली होती, ते मी पाहिलं होतं. ते विष गवत कुजलं तरी जात नाही, खतात घालू नका, असं डब्यावरच लिहिलंय. मला कोणी कारण सांगितलं नाही. मला वाटलं, आळशी लोक, चांगला माल फुकट घालवतात.

ताई, एवढं ऐक. बैठकीत माझं नाव काढू नकोस. गवत बाहेर नेल्याचं कळलं तर साहेब मला दारात उभं करणार नाहीत. बाईंचं नाव झालंच आहे, आणि त्यांची काही नोकरी जाणार नाही.

पाया पडतो.
धाकला

२९ एप्रिल

चि. धाकल्यास,
अ. उ. आ.

मातीतला घेवडा सरळ आला, खतातला मुरडला. दोन्ही कुंड्या बैठकीत नेल्या. गवत माझ्या भावाने आणलं आणि मी चौकशी न करता ढिगात घातलं, असं सांगून टाकलं. मैदान कुठलं, हे कोणी विचारलं नाही. तुझी नोकरी शाबूत आहे. बंदी बारगळली, नवा ढीग रचायचं ठरलं. वर घड्याळवाल्यांनी माझ्या खरेपणाचं कौतुक केलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई बैठकीला आल्याच नव्हत्या. मी त्यांच्याकडे गेले, माफी मागितली. दार अर्धंच उघडून त्या म्हणाल्या, बरं झालं. ढिगावर कधी येणार विचारलं, तर म्हणाल्या, आता चिंध्या आणि देठं एकाच पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत टाकते, ते सोपं पडतं, कोणाला त्रास नाही. आज सकाळी ती पिशवी गाडीत पडताना पाहिली आणि मला रडू आवरेना.

रविवारी ये. माझ्याकडे नंतर, आधी त्यांच्या दारात जा. लोभ आहेच, पण तिथे जाऊन येईपर्यंत तो मागू नकोस.
तुझी ताई