आधी श्वास सोड

वाडीची शाळा, ता. जामखेड
४ जुलै १९७१

तीर्थरूप मामांच्या चरणी मनकर्णाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

नोकरीला लागून तीन आठवडे झाले. शाळा म्हणजे दोन खोल्या आणि दोन शिक्षक, थोरले आसाराम गुरुजी आणि मी. दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. राहायला बनुबाईंच्या घरातली खोली मिळाली. त्या भाकरीबरोबर रोज ठेचा देतात आणि मी पोटभर जेवले का, हे भिंतीपलीकडून विचारतात.

आता खरं लिहिते. पत्रात माझी जीभ अडत नाही, म्हणून तुम्हाला लिहिणं सोपं. वर्गात मात्र प, म आणि क यांनी माझ्याशी वैर धरलं आहे. पहिल्या दिवशी पाटी काढा म्हणताना त्या पा वर एवढी अडकले की पोरांनी आपणहून पाट्या काढल्या. दुसऱ्या दिवशी मागच्या रांगेतून कोणीतरी माझी नक्कल केली आणि अख्खा वर्ग हसला. आता गावात मी तोतऱ्या बाई.

राजीनामा लिहून ट्रंकेत ठेवला आहे, तारीख तेवढी घालायची बाकी आहे. आईला कळवू नका. ती म्हणेल, लई झालं, घरी ये. तुम्ही उभा जन्म वर्गात काढलात. काही उपाय असेल तर लिहा. मामींना नमस्कार.

आजवर ठेवलीत तशी माया असू द्यावी.
आपली भाची
मनकर्णा


केडगाव
१२ जुलै १९७१

चि. मनकर्णा हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. नक्कल केल्याचे वाचून ते दोन दिवस बाजूला ठेवले होते, म्हणून उत्तराला उशीर. राजीनाम्यावर तारीख घालू नकोस.

उपाय म्हणावा असे माझ्याकडे काही नाही. सहा वर्षांमागे रक्तदाब वाढला तेव्हा इथल्या वैद्यांनी मला सकाळी बसायला शिकवले, ते सांगतो. दिवस उगवायच्या आधी घोंगडीवर मांडी घाल. पाठ ताठ, खांदे सैल. श्वास ओढू नकोस. आधी आत आहे तो सोडून दे, सगळा गेला की नवा आपोआप येतो. येताना मनात 'सो', जाताना 'हं'. सोहम्, म्हणजे तो मीच. अर्थाच्या मागे लागू नकोस, नादाला धरून राहा. मन भटकेल. त्याच्यावर न रागावता माघारी आण. रोज वीस मिनिटे पुरेत. बोलतानाही हेच कर. आधी श्वास सोड, मग जाणाऱ्या श्वासावर शब्द अलगद ठेव.

तुझी मामी सर्वांना सांगते की ह्यांचं सोहम् चालू असलं की चुलीवरचं दूध उतू जातं अन् ह्यांना वास न्हाई. ते खरे आहे.

प्रकृतीला जप. आमची आठवण ठेव.
तुझा मामा
गहिनीनाथ


वाडी
२२ ऑगस्ट १९७१

तीर्थरूप मामांस मनकर्णाचा नमस्कार, वि. वि.

पाच आठवड्यांत तीनच सकाळी चुकल्या. पहिले आठ दिवस नुसत्या पायाला मुंग्या. मग एका सकाळी सो आला, हं गेला आणि त्या दोघांच्या मधे थोडी जागा सापडली. तिथे कोणी हसत नव्हतं. मी मंत्र मोठ्याने म्हणून पाहिला, एकदाही अडले नाही. अर्थात खोलीत ऐकायला एक पाल होती फक्त.

वर्गात अजून अडते. पण आता अडले की धक्के मारत नाही. थांबते, श्वास सोडते, पुन्हा निघते. धडा सुरू करण्याआधी मुलांनाही डोळे मिटून दहा श्वास मोजायला लावते. आसाराम गुरुजींनी दारातून विचारलं की ही शाळा हाय का मठ. चार दिवसांनी त्यांनी आपला चौथीचा दंगेखोर वर्गही आमच्या शेजारी आणून बसवला.

एक विचारायचं आहे. शांत बसलं की जुनं काहीबाही वर येतं. आई म्हणते, दुसरीत जाईपर्यंत मी लई बोलायचे, मधेच जरा अडायचे एवढंच. मग एका पावसाळ्यात एकदम गप्प झाले. का, ते तिला ठाऊक नाही. मला अर्धवट आठवतं आणि ते स्वप्न आहे की खरं, हे कळत नाही. तेव्हा तुम्ही कोल्हारला आमच्याच घरी राहात होतात आणि दुसरीला तुम्हीच होतात. तुम्हाला काही आठवतं का?

उत्तराची वाट पाहते. लोभात अंतर नसावं.
आपली
मनकर्णा


केडगाव
२६ सप्टेंबर १९७१

चि. मनूस छबूमामीचा आशीर्वाद.

माझं आक्षर वाकडं हाय, हसू नको. ह्यांनीच शिकीवलंय. तुझं पत्र आल्यापासून ह्यांचं काय तरी बिनसलंय. सकाळी बसत्यात अन् लगेच उठत्यात. म्हैना झाला, दूध उतू गेलं न्हाई. इचारलं तर म्हनत्यात काय न्हाई. तुझं पत्र घोंगडीखाली ठिवलंय. तू काय लिव्हलंस ते मला नको सांगू, पन तू बरी हायेस ना तेवढं कळीव.

तुझी मामी


केडगाव
३ ऑक्टोबर १९७१

चि. मनकर्णा,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

मला आठवते. अर्धवट नाही, सगळे आठवते. श्रावणातला दिवस होता. तुला कविता म्हणायला उभे केले. तू पहिल्याच शब्दावर अडलीस. मला वाटले, हट्ट करतेस. भाचीचे लाड करतो असे कोणी म्हणू नये, हेही डोक्यात होते. म्हणेपर्यंत खाली बसायचे नाही असे बजावले. तू पुन्हा अडलीस. मग मी साऱ्या वर्गासमोर तुझी नक्कल केली. हुबेहूब केली. मुले हसली आणि मीही हसलो. शाळा सुटेपर्यंत तू फळ्याजवळ उभी होतीस. घरी राहीने, तुझ्या आईने विचारले तेव्हा मी सांगितले की पोरीने खोडी काढली म्हणून शिक्षा केली. दुसऱ्या दिवसापासून मुले तुझी नक्कल करू लागली. ते हसणे मी सुरू केले होते.

तुझी जीभ अडण्याचे मूळ तेवढ्यातच आहे का, हे डॉक्टर सांगतील. माझ्यापुरते मला माहीत आहे.

तुला सोहम् शिकवले, पण मी ते कसे म्हणतो हे लिहिले नाही. सो आत जातो, हं बाहेर येतो आणि मधल्या जागेत तू फळ्याजवळ उभी असतेस. आठ वर्षांची. मग मी मंत्र भरभर म्हणू लागतो, म्हणजे तू दिसू नयेस. सहा वर्षे मी मंत्राचा कानातल्या कापसासारखा उपयोग केला. तुझा प्रश्न आला आणि कापूस निघाला.

माफी मागतो. उत्तर दिलेच पाहिजेस असे नाही.

गहिनीनाथ


वाडी
३० ऑक्टोबर १९७१

तीर्थरूप मामांस नमस्कार.

दिवाळीला कोल्हारला जाताना नगरला गाडी बदलली. केडगाव तीन मैलांवर होतं. आले नाही. खोटं लिहीत नाही, यावंसंच वाटलं नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी स्वप्न नव्हतं हे कळलं आणि आधी बरं वाटलं, मग फार राग आला. चार सकाळी घोंगडी उलगडलीच नाही. पाचव्या दिवशी बसले तर सोहम् तुमच्या आवाजात ऐकू येऊ लागलं. म्हणून शब्द सोडून दिला, नुसता श्वास ठेवला. तो काही तुमचा नव्हता. बरेच दिवस तसं गेलं. परवा आडावर पोहरा ओढत होते. ओढताना सो, सोडताना हं, असं आपोआप सुरू झालं. थांबून ऐकलं. आवाज माझा होता. म्हणून आज लिहायला बसले.

सगळं तुमच्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. जीभ आधीही अडत होती. पण त्या दिवसानंतर मी वर्गात हात वर करणं सोडलं, ते आजवर. कितीतरी गोष्टी विचारायच्या राहून गेल्या.

माझ्या वर्गात भीमा नावाचा एक मुलगा आहे. तो वाचताना अडतो. मागच्या आठवड्यात मला घाई होती. मी त्याचा शब्द तोडून पुढच्याला वाचायला सांगितलं आणि त्याचा चेहरा पाहिला. मग परत त्याच्याकडे आले आणि तो शब्द पुरा करीपर्यंत थांबले. त्या राजीनाम्याच्या पाठीवर त्याने आता बेरजा केल्या आहेत. दुसरा कागद हाताशी नव्हता.

मामा, पत्रात आपल्या दोघांचीही जीभ अडत नाही. म्हणून या. तेरा तारखेला शनिवारची सकाळची शाळा आहे. वर्ग बघा आणि लिहिलंत ते तोंडाने सांगा.

मामींना कळवा, मी बरी आहे.
मनकर्णा


केडगाव
१५ नोव्हेंबर १९७१

चि. मनकर्णा हीस आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तुझ्या वर्गात सतरंजीवर मागे बसलो होतो तेव्हा तू पृथ्वी शब्दावर तीनदा अडलीस. मी मोजले, जुनी खोड. एकही मूल हसले नाही. पुढचा एक पोरगा पाटीचा दोरा चावत निवांत वाट पाहत होता, जसे काही सगळेच लोक असे थांबत थांबत बोलतात. पृथ्वी आली आणि धडा पुढे गेला. इतका साधा उपाय होता, मने. थांबायचे. मला वर्गात कधी सुचला नाही.

शाळा सुटल्यावर मोटारीच्या थांब्यावर जे झाले ते तू पाहिलेसच, पण मला लिहून टाकू दे. सांगायची वाक्ये मी नगरपासून घोकत आलो होतो. तोंड उघडले आणि काही निघेना. श्वास सोडून पाहिला, तरीही नाही. तू माझे वाक्य पुरे करू शकली असतीस, तुला ते ठाऊकच होते. केले नाहीस. नुसती उभी राहिलीस. मोटार आली, कंडक्टर ओरडू लागला, तू हातानेच त्याला जा म्हणालीस. धुरळा खाली बसल्यावर कधीतरी माझ्या तोंडून निघाले की चुकलं माझं, मी तुझी नक्कल केली. तू म्हणालीस, ऐकलं मामा. मग बनुबाईंकडे चहाला नेलेस.

माफ केलं हे शब्द ऐकायला मी आलो होतो, हे चारच्या गाडीत बसल्यावर ध्यानात आले. ते तू म्हणाली नाहीस. आधी थोडे लागले. मग वाटले, जे दिलेस ते खरे आहे आणि मला पेलेल एवढे आहे.

काल मामीला सर्व सांगितले. तिने हातातले निवडण बाजूला ठेवले आणि म्हणाली की राहीला कधी सांगणार. उद्याच्या पहिल्या गाडीने कोल्हारला निघतो. तुझ्या आईला त्या दिवशी खोटे सांगितले होते, ते जाऊन दुरुस्त करतो.

पत्राच्या शेवटी माया कमी करू नकोस असे लिहायची रीत आहे. मी तसे लिहीत नाही. तुला वाटेल तेवढी ठेव.

तुझा मामा
गहिनीनाथ